भिंतीवरचा डबा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर करड्या पत्र्याचा एक डबा आहे. डबा म्हटलं की लोकांना जेवणाचा आठवतो, म्हणून आधीच सांगतो. घर गरम ठेवणारा बॉयलर आमच्या तळघरात आहे. त्याची आग कधी मोठी करायची आणि कधी बारीक, हे हा डबा ठरवतो. माझ्या बायकोनं तो स्वतः बनवला होता. असे डबे बनवण्यात आणि ते कसे बनवावेत हे शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. कारखान्यांचे, पाणीपुरवठ्याचे, एकदा बंदरातल्या क्रेनचा. घरातला हा सगळ्यांत लहान. थंडी सुरू होण्याआधी ती गेली, आणि थंडी सुरू झाल्यावर डबा बिघडला. निदान आम्हाला तसं वाटलं.

मी शिंपी. ती काचेच्या कारखान्यात नवीन लागली तेव्हा तिला मिळालेला कोट पुरुषी मापाचा होता, बाह्या पार बोटांच्या पुढे. ती दुकानात आली आणि म्हणाली, बाह्या कमी करा आणि इथे स्क्रू-ड्रायव्हर राहील असा खिसा लावा. बाही उलटी करून मी खूण करत होतो, तेव्हा तिनं विचारलं की शिवणीच्या आत हे जास्तीचं कापड कशाला ठेवता. मी म्हटलं, त्याला माया म्हणतात. माणूस सुटतो, कपडा धुऊन आटतो, तेव्हा उसवून वाढवता आलं पाहिजे. अगदी मापात शिवलेला कपडा पहिल्याच वर्षी फाटतो. ती बराच वेळ त्या बाहीकडे बघत राहिली. पुढे तिच्या प्रयोगशाळेत हा शब्दच रुळला. यंत्र इतकं ताणून जमवू नका की केसभर फरक पडला तर थरथरायला लागेल, थोडी माया ठेवा, असं ती विद्यार्थ्यांना सांगायची. परगावी नोकरीला गेलेले तिचे विद्यार्थीही तो शब्द वापरतात म्हणे. तो शिंप्याच्या टेबलावरून उचललाय हे त्यांना ठाऊक नसणार.

लग्नाच्या वेळी तिच्या मावशीनं विचारलं, मुलगा काय करतो. तिनं सांगितलं, कापडाच्या धंद्यात आहे. मावशीला वाटलं गिरणी असेल. खरं कळल्यावर मावशीनं बोलणं टाकलं, आणि मग एका हिवाळ्यात कोटाचं अस्तर बदलून घ्यायला स्वतःच आली. माझ्याकडचे लोक वेगळंच विचारायचे. बायको काय करते? मी सांगायचो, यंत्रांना वळण लावते. हसायचे. पण याहून बरं उत्तर मला आजही येत नाही.

तिचं पहिलं मोठं काम त्या काचेच्या भट्टीवर झालं. माल भरायला भट्टीचं दार उघडलं की आतली उष्णता उतरायची आणि कंट्रोलर, म्हणजे असाच एक डबा, आग पूर्ण मोठी करायचा. इथवर ठीक. पण दार उघडं असेपर्यंत तो मनाशी धरून बसायचा, इतकी कमी पडली, अजून इतकी कमी पडली. दार लागलं, भट्टी हवी तेवढी तापली, तरी मागचं सगळं भरून काढल्याशिवाय तो आग उतरवायचा नाही. भट्टी नको इतकी तापायची, काच बिघडायची, आणि बोलणी खायचा तो दार उघडणारा कामगार. तिनं कंट्रोलर बंद करून दिवसभर भट्टीसमोर बसून आग हातानं कमी-जास्त केली. वरिष्ठ म्हणाले, एवढं शिकून शेवटी चूल फुंकणंच आलं नशिबी. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा चेहरा धगीनं लाल झाला होता. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, “सापडलं. हात भरलेले असताना मोजत बसायचं नाही.”

त्या एका वाक्यावर तिचा प्रबंध उभा राहिला. आग आधीच पूर्ण मोठी आहे, आता आपल्या हातात काही नाही, तर त्या वेळातली कमी धरून ठेवायची नाही, सोडून द्यायची. कारखान्याच्या मुख्य इंजिनियरनं त्यावरच्या शोधनिबंधावर आपलं नाव आधी घातलं. मला राग आला. ती म्हणाली, नाव कुणाचं का असेना, भट्टी तर ऐकते ना.

तिथून पुढे जन्मभर तिची हीच पद्धत राहिली. कुठलंही यंत्र आपोआप चालवायच्या आधी एक पूर्ण दिवस ते स्वतःच्या हातानं चालवायचं. बटण फिरवायचं आणि वाट बघायची. किती उशिरानं उत्तर येतं, ते अंगात मुरू द्यायचं. नवे विद्यार्थी कंटाळायचे. त्यांना पहिल्या तासात कागदावर गणित मांडायचं असायचं. ती म्हणायची, आधी हातानं. ती शिकवायची त्या संस्थेत तिच्या पाठीमागे तिला ‘आधीहातानं बाई’ म्हणत. एकदा फोनवर कुणीतरी चुकून मलाच विचारलं, आधीहातानं बाई आहेत का? मी म्हटलं, आहेत, हातानं भांडी घासतायत. तिला बोलावलं तर ती त्या माणसाशी अर्धा तास पंपांबद्दल बोलली आणि भांडी मी घासली.

तिच्या कामाची एक गोष्ट मला उशिरा कळली. ते नीट झालं तर काहीच होत नाही. माझा कोट चांगला झाला तर लोक अंगावर बघतात, विचारतात कुणी शिवला. तिचं काम चांगलं झालं तर पाणी नेहमीसारखं येतं, क्रेनचं ओझं झुलत नाही, दिवे जात नाहीत, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. एका मोठ्या प्रकल्पाच्या समितीवर ती होती. तिथल्यांना सगळं जास्त वेगानं चालवायचं होतं. ती म्हणाली, माया उरत नाही. त्यांनी तिला समितीतून काढलं आणि वेगानं चालवलं. काहीही बिघडलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्या लोकांनी ते हसून सांगितलं. संचालकपद दुसऱ्याला गेलं. मी विचारलं, तुझं चुकलं का मग? ती म्हणाली, “माहीत नाही. काही झालं नाही हे बरंच झालं. मला तेच हवं होतं.” आणि तिच्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवशी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती नुसती बसली होती, समोर कागद नव्हता.

ती खोली घराच्या थंड बाजूला आहे. निवृत्तीनंतर ती दिवसभर तिथेच असायची. समोर घरातलीच अरुंद बोळ ओलांडली की माझी शिवणाची खोली. दोन्ही दारं उघडी. ती आतून काहीतरी विचारायची, मशीनच्या आवाजात मला ऐकू यायचं नाही, मी मशीन थांबवायचो, तोवर ती म्हणायची, राहू दे, सुचलं. दिवसातून असं कितीदा व्हायचं.

आजारपण लांबलं नाही. उन्हाळा संपता संपता कळलं, आणि पानं गळायला लागली तेव्हा ती बरीच थकली होती. तरी अधूनमधून उठून त्या खोलीत काहीतरी करत बसायची. एका दुपारी तिनं मला हाक मारून कच्चा दोरा मागितला, आम्ही पक्की शिवण घालण्याआधी लांब टाके घालतो तो. मी रीळ दिलं. ती टेबलाखाली जमिनीवर बसली होती. मी म्हटलं, अगं, थंड फरशीवर काय बसतेस, काय शिवायचं ते मला दे. ती म्हणाली, शिवायचं नाहीये, तू जा. मी गेलो. गिऱ्हाईक थांबलं होतं.

दवाखान्यातून एकटा परत आलो त्या दिवशी मी तिच्या खोलीचा रेडिएटर, बॉयलरच्या गरम पाण्यानं खोली तापवणारा, बंद केला आणि दार लावून घेतलं. खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर होता. तो तिथेच राहिला.

मग थंडी आली. घर कधी नव्हे ते वेड्यासारखं वागायला लागलं. सकाळपासून बॉयलर पूर्ण आगीवर. माझी खोली इतकी तापायची की मी बनियनवर बसून शिवायचो, खिडक्या सताड उघड्या. संध्याकाळपर्यंत बॉयलरचं पाणी नको इतकं तापलं की त्याची स्वतःची सुरक्षा त्याला बंद करायची. मग घर गार होत जायचं आणि सकाळी मी अंगावर कोट घालून चहा करायचो. तळघरात जाऊन लाल बटण दाबायचं, की पुन्हा तेच. मी त्या डब्यासमोर उभा राहायचो. कोटाची शिवण कुठे ओढते ते मला लांबून दिसतं. या डब्याचं मला काही दिसत नव्हतं. काही सुगावाच लागत नव्हता.

आमची मुलगी भेटायला आली ती एका दुपारी, आणि तिनं मला खिडकी उघडी टाकून बनियनवर बसलेलं बघितलं. मुक्कामाला राहिली, आणि सकाळी कोटात कुडकुडतानाही बघितलं. ती फार बोलत नाही. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, “बाबा, रविवारी माणूस येईल आणि बाजारातला नवीन बसवून जाईल. नाहीतर तुम्ही माझ्याकडे चला. दोन्हीतलं एक.”

मी म्हटलं, हा तुझ्या आईनं केलाय.

ती म्हणाली, “आई असती तर तिनंच आधी काढला असता. बिघडलेलं यंत्र तिनं एक दिवस ठेवलं नसतं.”

हे खरं होतं. घरात तिच्या वस्तू पुष्कळ होत्या. कपाट, चष्मा, पुस्तकं. पण तिचं म्हणावं आणि चालू आहे असं हे एकच होतं. भिंतीवरून तो गेला असता तर घरात फक्त माझंच काम चालू राहिलं असतं. मुलीला मी एवढंच म्हटलं की रविवारपर्यंत थांब, मी एका माणसाला दाखवतो.

तो माणूस म्हणजे शेपूट. विद्यार्थी असताना तो सतत तिच्या मागे असायचा, म्हणून तिनं ठेवलेलं नाव. आता त्याचे केस पिकलेत, संस्थेत तो तिच्या विभागाचा प्रमुख आहे, त्याच्या खोलीबाहेर लोक ताटकळत बसतात. आमच्याकडे तो शेपूटच. फोनवर मी सांगितलं तर म्हणाला, काका, सकाळी येतो, काही हलवू नका.

आला तो थेट डब्यापाशी. झाकण उघडून आत बघितलं, दोन ठिकाणी मीटरच्या सुया लावून काहीतरी तपासलं, झाकण लावलं. म्हणाला, “डबा धडधाकट आहे.”

मी म्हटलं, मग घर असं का वागतं? की मीच काही बिघडवलंय?

“बघू. सेन्सर कुठे आहे, काका?”

मी विचारलं, म्हणजे काय. त्यानं सांगितलं की या डब्याला स्वतःला ऊन-थंड काही कळत नाही, घर किती गरम आहे ते कुणीतरी त्याला कळवावं लागतं. कुठेतरी एक छोटी पितळी कुपी असेल, वायरीच्या टोकाला. मला ती कधी दिसली नव्हती. तो डब्यातून निघालेल्या वायरीच्या मागानं निघाला. वायर भिंतीच्या कडेनं गेली, वर चढली, बोळीतून पुढे गेली, आणि तिच्या खोलीच्या भिंतीतल्या एका बारीक भोकातून आत शिरली. शेपूट त्या बंद दारासमोर थांबला. माझ्याकडे बघितलं. दाराच्या कडीला त्यानं हात लावला नाही.

दार मी उघडलं. आतून थंड हवा आली, तळघरातून येते तशी. तो आत जाऊन टेबलाखाली वाकला, मग रेडिएटरवर हात ठेवला, मग त्याच्या खालची बंद-चालू करायची चकती बघितली. बंद होती. स्वेटर असलेल्या खुर्चीवर तो बसला नाही, खिडकीच्या कठड्यावर टेकला.

“मॅडम कायम म्हणायच्या, माणूस जिथे बसतो तिथे मोजायचं. त्यांनी सेन्सर स्वतःच्या टेबलाखाली लावला, पायांपाशी. हा डबा सगळं घर बघत नाही, काका. तो या एका खोलीला विचारतो, झालीस का गरम? आणि ही बंद खोली उत्तर देते, नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. मग तो बिचारा सगळी आग लावतो. ती आग इथे येतच नाही, तुमच्याकडे येते.”

मला वाटलं होतं रिकाम्या खोलीला ऊब कशाला. एवढंच मनात होतं.

“आता एक गंमत बघा,” तो म्हणाला. त्यानं टेबलाखालून ती कुपी काढली, अंगठ्याएवढी, आणि मुठीत घट्ट धरली. “तळघराचं दार उघडा आणि ऐका.”

मी जाऊन जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. खाली बॉयलर घोंगावत होता, रोजच्यासारखा. थोड्या वेळानं आवाज उतरला. मग आणखी उतरला आणि नुसती कुजबुज राहिली. इतके आठवडे तो आवाज कानात होता की तो गेल्यावर घर एकदम मोठं वाटलं.

मी परत आलो तेव्हा तो मूठ तशीच धरून उभा होता. म्हणाला, “बाजारचा स्वस्तातला असता तर मागचं सगळं भरून काढायला संध्याकाळपर्यंत पेटत राहिला असता. इतके दिवस कमी पडत होतं ते सगळं साठवून. यानं काही धरून ठेवलं नव्हतं. हे मॅडमचं काम. आम्ही फळ्यावर शिकवतो ते हेच.” मग जरा थांबून म्हणाला, “मी पहिल्यांदा घरात बघतोय.”

त्याचे डोळे भरले होते. मी चहा टाकायला गेलो. तोही माझ्या मागे आला, सवयीनं.

चहा पिताना त्यानं सोपा उपाय सांगितला. रेडिएटर चालू करा, दार उघडं ठेवा, सगळं पहिल्यासारखं होईल. मग तोच म्हणाला, पण मग सगळं घर त्या खोलीच्या तब्येतीनं चालणार. तिथे बसणार कोण? मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. त्यानं दुसरं सांगितलं, सेन्सर तुमच्या खोलीत आणायचा. वायर पुरणार नाही, जोडावी लागेल. बघतो.

तो पुन्हा टेबलाखाली गेला आणि तिथूनच म्हणाला, “काका, हे काय आहे?”

मी वाकून बघितलं. टेबलाच्या मागच्या पायाशी वायरीचं एक वेटोळं होतं, नीट गोल गुंडाळलेलं, पुष्कळ मोठं. पांढऱ्या कच्च्या दोऱ्यानं बांधलेलं.

“मॅडम वायरीचा तुकडा वाया घालवायच्या नाहीत. आम्हाला ओरडायच्या. एवढी जास्तीची कशाला ठेवली असेल?”

मी गाठ बघितली. ती गाठ माझी होती. कच्चे टाके पुढे काढायचेच असतात, म्हणून आम्ही अशी गाठ मारतो की एक टोक ओढलं की सुटते. लग्नानंतर केव्हातरी मीच तिला शिकवली होती, आणि ती म्हणाली होती की हिचा काय उपयोग, सुटणारी गाठ. मी टोक ओढलं. वेटोळं सुटलं.

मी शेपटाला म्हटलं, जरा बाजूला हो. कुपी हातात घेतली आणि चालत निघालो. दारातून बाहेर, बोळ ओलांडून, माझ्या खोलीत, कापायच्या टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीपर्यंत. वायर माझ्या मागे येत राहिली. खुर्चीच्या पायापाशी मी कुपी ठेवली, तेव्हा माझ्या हातात अजून वीतभर वायर उरली होती.

शेपूट बोळीत उभा होता. त्याला मी दोऱ्याची दुपार सांगितली. तो भिंतीला हात लावून उभा राहिला.

मला वाटलं, झालं, आता लावून टाकायचं. तो म्हणाला, “नाही. खोली बदलली. आधी हातानं.”

त्या दिवशी त्यानं संस्थेत कळवलं की येत नाही, आणि मला डब्यासमोर स्टूल टाकून बसवलं. डब्यावर एक खटका आहे, एका बाजूला ‘हात’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आपोआप’, तिच्याच अक्षरात. त्यानं तो ‘हात’वर टाकला आणि गोल बटण माझ्या हवाली केलं. “तुमच्या खोलीत बसणारे तुम्ही. तुम्ही चालवा, मी लिहून घेतो.”

मी बटण फिरवलं. काही झालं नाही. आणखी फिरवलं. खोलीत जाऊन आलो, थंडच. आणखी फिरवलं. शेपूट गालात हसत होता. नंतर खोली अशी तापली की मी बटण पार मागे नेलं, आणि मग ती गार होतच गेली. तो म्हणाला, “काका, पहिल्या वर्षाची मुलं अगदी असंच करतात.”

मी म्हटलं, तुझ्या मॅडमनं तुला काय केलं होतं तेव्हा?

“हातावर पट्टी मारली होती. तुम्ही बटण फिरवा आणि हात मांडीखाली घेऊन बसा.”

तसा बसलो. दुपारनंतर जमायला लागलं. बटण जरासं फिरवायचं, आणि मग वाट बघायची. ऊब पाइपातून निघून माझ्या पायापर्यंत यायला जो वेळ लागतो, तो आपल्याला नको असला तरी लागतोच. तिनं अर्धा जन्म या उशिरावर घालवला होता. मी तिला कधी विचारलं नव्हतं की त्यात इतकं काय आहे. आता स्टुलावर बसून मला थोडं थोडं कळत होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं. शेपटाला ते आधीच येत होतं.

एक चूक आम्ही दोघांनी मिळून केली. खटका ‘आपोआप’वर टाकल्यावर, कुपी जमिनीवर नको म्हणून त्यानं ती टेबलाच्या कडेला बांधली, आणि मी नेहमीसारखी इस्त्री तापवून बाजूला उभी केली. डब्याला वाटलं घर भाजून निघतंय. त्यानं बॉयलर विझवला. आम्ही दोघं थंडीत बसून डब्याला नावं ठेवत होतो, तोवर माझं इस्त्रीकडे लक्ष गेलं. शेपूट म्हणाला, हे संस्थेत कुणाला सांगू नका. मग कुपी खुर्चीच्या पायापाशी गेली, तिनं स्वतःची ठेवली होती तशी.

निघताना त्यानं त्या खोलीच्या दाराकडे बघितलं. वायर भोकातून आत जाऊन दारातून पुन्हा बाहेर आली होती, त्यामुळे दार पूर्ण लागत नव्हतं. बोटभर उघडं राहत होतं. भोकातून कुपी जात नाही, भोक बारीक आहे. तो म्हणाला, वायर कापून भोकातून काढतो आणि इकडे जोडतो, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, कापू नकोस.

रविवारी मुलगी आली. घरात शिरल्यावर कोट काढला आणि जरा वेळ उभी राहिली, उबेचा अंदाज घेतो तशी. मग माझ्या खोलीत आली, मी अंगभर कपडे घालून शिवत होतो. तिनं विचारलं, दुरुस्त झाला? मी म्हटलं, बिघडलाच नव्हता. सगळं सांगितलं. ती खाली बसून कुपी बघत राहिली, मग वायरीच्या मागानं बोळीत गेली, त्या दाराशी थांबली. आत गेली असावी. परत आली तेव्हा तिनं फोन करून त्या बाजारच्या माणसाला नको म्हणून सांगितलं.

“दार थोडं उघडं राहतंय, बाबा. वारा लागेल तुम्हाला.”

“लागू दे.”

ती संध्याकाळच्या आत गेली. डबा भिंतीवर आहे.

आता घर माझ्या तब्येतीनं चालतं. मी शिवत बसतो, खाली बॉयलर कुजबुजत असतो. ती असताना मी खिडकी उघडली की बोळीपलीकडून आवाज यायचा, अरे, लाव ना, पाय गारठतात. आता उघडली तर थोड्या वेळानं खाली आग मोठी होते. मी खिडकी उघडल्याचं या घरात आता फक्त त्या डब्याला कळतं. कधी कधी मी काम नसताना उघडतो. थंड हवा पायाशी येते. मग थांबतो, हात मांडीखाली घेऊन, आणि आवाज वर येईपर्यंत वाट बघतो. आल्यावर खिडकी लावतो आणि मशीन सुरू करतो.